मनूचा एकट्याचा अल्बम

मनू तोरणेच्या दारात मी बेल दाबून उभा होतो आणि आत चिमणी चिवचिवत होती. खरी चिमणी नव्हे. बटण दाबलं की चिमणी बोलते अशा प्लास्टिकच्या बेल्स त्या काळी घरोघरी होत्या, त्यातली ती. मनूच्या बायकोने, मार्था वहिनींनी, हौसेने बसवून घेतलेली. मी दाबली, थांबलो, परत दाबली. आत माणूस आहे हे कळत होतं, कारण गिटारच्या तारा पिळून सुरात लावल्याचा आवाज खिडकीतून येत होता. तरी दार उघडेना.

मी आयुष्यभर विमा कंपन्यांसाठी सर्व्हेअरचं काम केलं. जळालेलं गोदाम, नाल्यात पडलेला ट्रक, पुरात भिजलेल्या कापसाच्या गाठी. जायचं, बघायचं, आणि नुकसान खरं किती नि मालकाने रडून फुगवलेलं किती ते ठरवायचं. त्यामुळे कोणाच्या दारात उभा राहिलो तरी माझं मन आपोआप अंदाज बांधायला लागतं. तेव्हाही बांधला. स्वतः फोन करून बोलावलं, आणि आता ताटकळत ठेवतोय. स्टेजवर उभा राहिलेला माणूस, दुसऱ्याला वाट बघायला लावल्याशिवाय त्याला आपण आल्यासारखं वाटत नाही.

ऊन मी म्हणत होतं. देवळाली कॅम्पातल्या त्या जुन्या बंगल्याला मी वळसा घातला, लिंबाच्या झाडाखालून मागे गेलो आणि उघड्या मोरीच्या दारातून आत शिरलो. मनू मधल्या खोलीत माझ्याकडे पाठ करून बसला होता. डोक्यावरचं रान साफ झालेलं, पण मागची शेंडी रबर लावून अजून बांधलेली.

"मन्या!" मी ओरडलो.

तो दचकून उभाच राहिला. "अरे गायधनी! चोरासारखा मागून काय येतोस? बेल वाजवायची ना लेका."

"वाजवली."

"वाजवली असतीस तर उघडलं नसतं? दिवसभर माझे कान दाराकडेच असतात."

मी रुमालाने घाम पुसला. म्हातारपणी लोक अशी वाक्यं टाकतात, आणि ती खोडायला गेलं की दुपार त्यातच जाते.

हा मनू म्हणजे इमॅन्युएल तोरणे. शरणपूरचा. लहानपणी चर्चमध्ये बाजाच्या पेटीवर गाणी म्हणायचा, मग कुठूनतरी इलेक्ट्रिक गिटार मिळवली आणि आमच्या सगळ्यांच्या आईबापांची झोप उडवली. आमच्या बँडचं नाव होतं 'घाट बंद'. कसाऱ्याच्या घाटात दरड कोसळली की पोलीस जी पाटी लावायचे, तीच आम्ही एकदा उचलून आणली आणि ड्रमवर टांगली. मराठीतून रॉक गाणारी आमच्यासारखी टोळी तेव्हा नाशकात दुसरी नव्हती, आणि लोकांच्या मते एकीचीही गरज नव्हती. मनू गायचा आणि गिटार वाजवायचा, मी बेस गिटार, लालवाणी कीबोर्ड, आणि ड्रमवर सुदाम बोरस्ते. सुद्या. गणेशोत्सवापासून कॉलेजच्या गॅदरिंगपर्यंत जिथे उभं करतील तिथे आम्ही वाजवलं. मग बँड फुटला. मनू मुंबईला गेला, तिथे त्याने एकट्याच्या नावाचा एक अल्बम काढला, तो चाललाही. पुढे काहीच नाही. इतकी वर्षं काहीच नाही की माझ्या मुलीचं लग्न होऊन तिला पोरं झाली. तो मार्था वहिनींना घेऊन देवळालीला परत आला, मग वहिनीही गेल्या.

आणि आता त्याचा फोन. "अल्बम झाला. रविवारी ये. सोमवारी मास्टर कॉपी मुंबईला पाठवतोय."

खोलीच्या चारी भिंतींना त्याने गाद्या आणि गोधड्या टांगल्या होत्या. मधोमध संगणक, दोन स्पीकर, वायरींचं गुंताड. टेबलावर एक पिवळं पाकीट पत्ता लिहून तयार, फक्त चिकटवायचं बाकी.

"कोणी कोणी ऐकलंय?" मी विचारलं.

"कोणी नाही. तू पहिला."

"रेकॉर्डिंग कोणी केलं?"

"मी."

"ड्रम?"

"मशीन. म्हणजे मीच. बेसही मीच वाजवलाय. रागावू नकोस, तुझ्यापेक्षा बरा वाजवलाय."

"मिक्सिंग?"

"मीच रे! सगळं मीच. चार वर्षं ह्या खुर्चीत बसलोय. मार्था गेल्यावर दुसरं होतं काय करायला?" मग तो खुर्ची ओढून माझ्या अगदी समोर बसला आणि माझ्या तोंडाकडे बघत म्हणाला, "गायधनी, तुला का बोलावलं सांगू? तुझ्याइतका कोरडा माणूस मी पाहिला नाही. तुला खोटं कौतुक जमतच नाही. रेकॉर्ड कंपनीचा पोरगा म्हणतो, सर, तुमचं नाव पुरे आहे, न ऐकता काढतो. मला तसं नको. तू ऐक. तू हो म्हणालास तर पाकीट चिकटवतो. हे पडलं, लोक हसले, तर गिटारला परत हात लावणार नाही. वय नाही राहिलं परत उठायचं."

"आणि मी नाही म्हणालो तर?"

"तर तुझ्या नावाने बोंब मारीन," तो म्हणाला आणि हसला. पण हात गुडघ्यावर घासत होता.

त्याने पहिलं गाणं लावलं.

गाणं सुरू झालं आणि माझी दाढ ठणकली. रूपक म्हणून सांगत नाही, खरंच ठणकली. गिटार काच चिरावी तशी, मशीनच्या थाळ्या, ड्रमसोबतच्या त्या पितळी झांजा, म्हणजे स्टीलच्या ताटावर कोणी चमचा घासतंय, आणि मनूच्या आवाजातला प्रत्येक 'स' न् 'श' सुईसारखा कानात. मी मनूकडे पाहिलं. वाटलं, गंमत करतोय, आता हसून खरं गाणं लावेल. तो डोळे मिटून, मान हलवत, सुखाने ऐकत होता.

"काय?" संपल्यावर तो म्हणाला.

"गाणं चांगलं आहे."

हे खोटं नव्हतं. त्या किंकाळ्यांच्या खाली एक चांगलं, अगदी नितळ गाणं पडलं होतं. एक बाई गेल्यावर तिचा नवरा सवयीने दोन कप चहा टाकतो, एवढंच त्यात होतं. 'कपांना काय कळतं, एक गार झाला' अशी ओळ होती. तरुणपणी आम्ही जगाला आग लावायची गाणी म्हणायचो, त्यातली एकही ओळ मला आता आठवत नाही. ही ओळ परत ऐकावीशी वाटली, आणि त्याच वेळी कान झाकून घ्यावेसे वाटत होते.

"आणि आवाज?"

"दुसरं लाव."

"धार बघितलीस ना?" तो दुसरं लावता लावता सांगत होता. "सुरुवातीला सगळं बोथट यायचं. गोधडीत गुंडाळल्यासारखं. हल्लीची यंत्रं तसलीच. लोकही तसेच, सगळे तोंडातल्या तोंडात बोलतात. मग मी एकेक बटण वर करत गेलो. रोज थोडं. आता बघ, कसं लखलखीत झालंय."

दुसरं, तिसरं. सगळी गाणी एकाच घरातली होती. न वाजणारा फोन, नाताळात कोणी न आलेलं घर, रस्त्याने जाणाऱ्यांच्या चपलांचे आवाज मोजणारा माणूस. शब्द इतके खरे आणि आवाज इतका भयंकर, की मला कशाचा अंदाजच बांधता येईना. एवढी चांगली चव असलेला माणूस स्वतःच्या पानात एवढं मीठ कसं घालून घेतो?

तिसरं संपलं आणि खोलीत शांतता झाली. तेवढ्यात चिमणी बोलली.

मी दाराकडे पाहिलं, मग मनूकडे. तो वायर गुंडाळत होता.

"चहा टाकतो," तो म्हणाला आणि आत गेला.

चिमणी परत बोलली, ह्या वेळी लांबलचक. मग मीच उठलो आणि दार उघडलं. बाहेर गॅसवाला, खांद्यावर सिलिंडर, चेहऱ्यावर तेवढंच जड काहीतरी.

"उघडलं का एकदाचं!" तो म्हणाला. "काका, तुम्ही नवीन भाडेकरू का?"

"पाहुणा आहे."

"मग सांगा तुमच्या तोरणे सरांना. दोनदा येऊन परत गेलो. माणूस घरात असतो, गिटार वाजवत बसतो, पण दार उघडत नाही. मोठे कलाकार असतील, आम्ही काय ओझी घेऊन उन्हात नाचायचं का? मॅडम होत्या तेव्हा पाणी विचारल्याशिवाय जाऊ द्यायच्या नाहीत."

मी सिलिंडर आत घेतला. स्वयंपाकघरातून मनूने विचारलं, "कोण होतं?"

"गॅसवाला."

"आला? महिना झाला नंबर लावून. हल्ली मेले येतच नाहीत."

एकाच पुराव्यावर मी कधी अहवालावर सही केली नाही. मनूचा फोन आतल्या ओट्याजवळच्या फळीवर होता, त्याच्या पाठीमागे हातभर अंतरावर. नवीन प्रकारचा, बिनवायरचा, घंटी न वाजता बारीक किणकिणणारा. मी खिशातून मोबाइल काढला आणि त्याचाच नंबर लावला. फळीवर किणकिण सुरू झाली. मनू गाळणीतून चहा ओतत होता. एक कप भरला, दुसरा भरला, साखर ढवळली, वळला.

"कोणाला फोन लावतोस?"

"चुकीचा लागला," मी म्हणालो आणि बंद केला.

नुकसान कळलं होतं. आता प्रश्न ते मनूला सांगण्याचा होता, आणि तो मला वाटला होता त्यापेक्षा अवघड निघाला. कारण मनू हुशार. त्याच्या कानात बारीक, वरच्या पट्टीतले आवाज शिरत नाहीत एवढं जरी मी सांगितलं, तरी पुढचा हिशेब तो माझ्या मदतीशिवाय करणार होता. आणि त्या हिशेबाच्या तळाशी सुद्या उभा होता.

सुद्या आणि मनू ह्यांचं बिनसलं ते मनूच्या त्या पहिल्या एकट्याच्या अल्बममुळे. मनूने मुंबईचा ड्रमर घेतला. सुद्याला कळलं ते दुकानात कॅसेटच्या मागचं नाव वाचून. तो ओझरच्या कारखान्यात लागला होता, त्याला बोलावलं असतं तर रजा मिळाली नसती, तो गेलाही नसता. पण बोलावलं नाही ते नाहीच. त्यानंतर दोघांत अक्षर नाही. मार्था वहिनी गेल्या, वर्षश्राद्धासारखी त्यांची स्मरणाची प्रार्थना झाली, तेव्हा मनू मला म्हणाला होता, "सुद्याला सांग, ये म्हणावं. मी काही बोलणार नाही. दार उघडं आहे." मी जाऊन सांगितलं. सुद्याने आधी शिव्या घातल्या, मग शर्ट बदलला.

तो गेला होता. दोनदा. दोन्ही वेळा बेल दाबून उभा राहिला. दुसऱ्या वेळी खिडकीतून पाहिलं तर मनू आत पाठ करून गिटार वाजवत बसलेला. "अपमान करायला बोलावलं रे त्याने," सुद्या माझ्या घरी येऊन म्हणाला. "मी दारात, आणि हा आत सूर लावतोय. तुला मंदाची शपथ आहे, मी गेलो होतो हे त्याला कळता कामा नये. तेवढी तरी इज्जत राहू दे." मंदा त्याची बायको. शपथ मी पाळली. त्यानंतर दोन पावसाळ्यांनी सुद्या हृदयविकाराने गेला. मनू आला होता अमरधामात. मंदा वहिनींनी त्याच्याकडे पाठ फिरवली, आणि तो मला म्हणाला, "मी बोलावलं तर आला नाही. आता मी आलो तर ही बघत नाही."

"चहा घे," मनू म्हणत होता. "आता शेवटचं ऐक. हे सुद्यासाठी आहे."

"नंतर ऐकतो."

"नंतर काय? हेच तर ऐकवायचंय."

त्याने लावलं. नुसती गिटार, त्याचा आवाज, आणि मागे मशीनचा एक संथ ठेका. 'दार उघडं होतं रे,' तो गात होता, 'तूच आला नाहीस. चपला ओळखीच्या किती गेल्या रस्त्याने, तुझ्या कुठे वाजल्या नाहीत.' शेवटच्या कडव्याला आवाज फाटला होता आणि त्याने तो तसाच ठेवला होता. कडवं संपताच त्याने गाणं थांबवलं. माझा चहा हातात गार झाला.

"बोल," तो म्हणाला. "हो की नाही?"

पाकीट टेबलावर होतं. हो म्हणालो असतो तर ते दुसऱ्या दिवशी गेलं असतं. महिन्याभराने प्रकाशनाच्या हॉलमध्ये ऐकणाऱ्यांनी कानांवर हात ठेवले असते आणि पेपरवाल्याने लिहिलं असतं की म्हाताऱ्याने विस्तवाशी खेळू नये. नाही म्हणालो असतो तर कारण द्यावं लागलं असतं.

"मन्या, गाणी तुझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली आहेत," मी म्हणालो. "पण आवाज असा पाठवू नकोस. कानाला लागतो. ऐकवत नाही."

"म्हणजे?"

"बारीक आवाज फार चढवलेस. कारण तुला ते ऐकू येत नाहीत."

तो ताडकन उठला. "मला? कान? अरे, गिटार अजून नुसत्या कानावर लावतो मी! तूच मघाशी बाहेर ऐकली असशील."

"ती बरोबर लागते. जाड आवाज तुला माझ्याइतके येतात. वरचे नाही."

"तू विम्याची माणसं तपासलीस, तीच सवय. प्रत्येकात खोट काढायची."

मी वाद घातला नाही. उठून फळीवरचा फोन उचलून आणला, त्याच्या हातात ठेवला आणि खिशातल्या मोबाइलवरून त्याचा नंबर लावला. फोन किणकिणू लागला. मनू माझ्याकडे रागाने बघत होता. मग त्याच्या तळव्याला बारीकशी थरथर जाणवली असावी, त्याने खाली पाहिलं. फोनवरचा लाल दिवा उघडझाप करत होता.

"हा... वाजतोय?"

"हो."

"कधीपासून?"

"मघापासून."

त्याने फोन कानाला लावला, लांब धरला, परत लावला. मग खाली ठेवला आणि दाराकडे गेला. दार उघडून बाहेर बोट दाखवून म्हणाला, "जा. बेल दाब."

मी बाहेर जाऊन बटणावर बोट ठेवलं. चिमणी जीव तोडून ओरडायला लागली. समोरच्या बंगल्यातलं कुत्रं भुंकलं. मनू उंबऱ्यात मान एका बाजूला करून उभा होता.

"दाब ना," तो म्हणाला.

"दाबलीय."

त्याने माझ्या बोटाकडे पाहिलं. मी बोट काढलं नाही. तो आत गेला, बेलच्या डब्याखाली उभा राहिला, त्यावर हात ठेवला, आणि हात तसाच ठेवून राहिला.

"पुरे," थोड्या वेळाने तो म्हणाला.

मी आत आलो. तो गादी टांगलेल्या भिंतीला टेकून जमिनीवर बसला होता.

"दार नेहमी मार्थाच उघडायची," तो म्हणाला. "मला वाटायचं, लोक तिच्यासाठी यायचे. तिच्या केकसाठी. ती गेली आणि लोक थांबले. मी म्हटलं, बरोबर आहे, माझ्याकडे कोण कशाला येईल? मी काही कोणाला कधी पाणी विचारलं नव्हतं." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "म्हणजे येत होते?"

"काही आले असतील."

"कोण?"

"शेजारच्या डिसोझा बाई नाताळात डबा घेऊन आल्या होत्या. मला बाजारात म्हणाल्या, तोरणे आता माणूसघाणा झालाय."

"आणखी?"

"गॅसवाला."

"गायधनी, आणखी कोण?"

मी स्पीकरकडे पाहिलं. शेवटचं गाणं त्यानेच लिहिलं होतं, त्याला तेवढं पुरलं.

"सुद्या आला होता," तो म्हणाला. विचारलं नव्हतं त्याने.

शपथ मंदा वहिनींची होती, आणि त्या सिडकोत मुलाकडे ठणठणीत होत्या. मनाशी त्यांची माफी मागितली.

"दोनदा," मी म्हणालो.

मनूने तोंड समोरच्या गोधडीकडे वळवलं. मग त्याचे खांदे हलायला लागले. मी उठणार तेवढ्यात कळलं, तो हसत होता.

"साल्याने वीस वर्षं माझ्या डाव्या कानाशी थाळ्या बडवल्या," तो म्हणाला. "ठेका चुकू नये म्हणून मी त्याला अगदी चिकटून उभा राहायचो, आठवतं? शो संपला की रात्रभर कानात शिट्या. माझे कान ह्यानेच खाल्ले. आणि मग येऊन बेल वाजवतो! अरे, लाथ घालायची ना दारावर! ड्रमर ना तू? दार बडवता येत नव्हतं तुला?"

हे तो मला विचारत नव्हता. गादीवर त्याने मुठीने दोनदा मारलं, आवाज काही आला नाही, गादीच ती. मग हसणं थांबलं. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच पाणी प्यालो आणि भांडं विसळून पालथं घातलं.

बाहेर आलो तेव्हा तो खुर्चीत बसला होता आणि दुसरी खुर्ची त्याने शेजारी ओढून ठेवली होती.

"बस," तो म्हणाला. "कान तुझे, हात माझे. सांगत जा."

आम्ही पहिल्या गाण्यापासून सुरुवात केली. तो पडद्यावरची बारीक आवाजांची एकेक पट्टी खाली ओढायचा आणि माझ्या तोंडाकडे बघायचा.

"कमी," मी म्हणायचो.

"एवढी?"

"अजून."

"मला काडीचा फरक पडत नाहीये रे."

"तुला नाही पडणार. अजून कमी."

"तू सूड उगवतोस. बेस वर करून घेशील हळूच."

"बेसला हात लावला नाही अजून. पण तो मी असतो तर बरा वाजला असता."

ऊन गोधड्यांवरून सरकत गेलं. एकेका गाण्यावरची किंकाळी उतरत होती आणि खालचं गाणं वर येत होतं. मला ते येताना ऐकू येत होतं, त्याला नव्हतं. त्याच्या दृष्टीने तो चार वर्षांचं काम माझ्या शब्दावर बोथट करत चालला होता. तरी ओढत होता. मनूने आयुष्यात कोणाचं ऐकल्याचं मी तेव्हाच पाहिलं.

अल्बम पुढे निघाला. फार खपला नाही, पण ज्यांनी घेतला त्यांनी जपून ठेवला. एका पेपरात छापून आलं की शेवटच्या गाण्यात तोरणे यांनी शब्द पूर्णपणे टाकून दिले आहेत, ही त्यांच्या परिपक्वतेची खूण आहे, मौनाच्या दिशेने वगैरे. मनूने ते कात्रण मला पाठवलं आणि वर लिहिलं, 'वाच, हसू नकोस.' मंदा वहिनींना सीडी मीच नेऊन दिली आणि काय घडलं होतं ते सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि त्या म्हणाल्या, "ह्यांना कोण सांगणार आता?"

पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी शेवटचं गाणं उरलं तेव्हा मनूने त्यातल्या पट्ट्याही उतरवल्या, पण तो तिथे थांबला नाही. पडद्यावर त्याच्या आवाजाची रेघ होती, कडव्यागणिक फुगणारी. ती त्याने निवडली आणि बंद केली. संपूर्ण.

"का?" मी विचारलं.

"शब्द चुकीचे आहेत."

"दुसरे लिही."

"काय लिहू? दार बंद होतं, तू आलास?" त्याने मान हलवली. "राहू दे. गिटार खोटी नाही, ती ठेवतो."

त्याने गाणं पहिल्यापासून लावलं. जिथे तो गायचा तिथे आता नुसती जागा होती, आणि गिटार त्या जागेच्या कडेकडेने चालली होती, कोणी आत येईल म्हणून सरकून बसल्यासारखी. मघाशी मला ही गिटार ऐकूच आली नव्हती. आम्ही दोघे पडद्याकडे बघत होतो. ठेका संपला, गिटार संपली, आणि शेवटी एकच ठोका पडला. मशीनचा नव्हे. पितळेचा, खरखरीत, जुना.

"हे काय?" मी दचकून विचारलं.

"सुद्या," मनू म्हणाला. "तालमीच्या एका कॅसेटमधून कापून घेतला. एवढा एकच ठोका स्वच्छ मिळाला." मग त्याने थांबवण्यासाठी हात पुढे केला. "झालं. संपलं."

"थांब," मी म्हणालो. "अजून वाजतंय."

त्याचा हात अधांतरी थांबला. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी तळहात वर धरला, हात वर आहे तोवर आवाज आहे अशी खूण म्हणून. स्पीकरमधून ती थाळी बारीक होत होत झिरपत होती, लांब, चमचमत. मनूला त्यातलं काही पोहोचत नव्हतं. तो श्वास धरून माझ्या हाताकडे बघत बसला होता.

आवाज संपला. मी हात खाली घेतला नाही.